ज्ञानपाठ : चिंचेतले आम्ल



प्रभुभोजनाच्या प्याल्यातला द्राक्षरस आणि पाड्यावर अंगणात वाळत घातलेली चिंच, या दोहोंत एकच आम्ल आहे. त्याचे नाव टार्टारिक आम्ल. या वेळच्या पाठात त्याची ओळख करून घेऊ.

ओळख : बहुतेक फळे पिकली की त्यांचा आंबटपणा उतरतो. चिंच पिकताना तिच्यात साखर वाढते, पण आम्ल जात नाही. म्हणून ती आंबटगोड लागते. पिकलेल्या गरात हे आम्ल साधारण शेकडा 8 ते 18 असते. त्यामुळेच मीठ लावून ठेवलेली चिंच वर्षभर टिकते.

शोध : द्राक्षारसाच्या पिंपांत आतून कठीण खडे धरतात. त्यांपासून स्वीडनच्या कार्ल शीले यांनी 1769 मध्ये हे आम्ल वेगळे केले. 1848 मध्ये फ्रान्सच्या लुई पाश्चर यांना त्याच्या एका क्षाराचे स्फटिक दोन प्रकारचे दिसले, जसे आपले उजवा आणि डावा हात. त्यांनी ते चिमट्याने एकेक करून निवडले. रेणूंतही असे डावे-उजवे असते, हे तेथून कळू लागले. आज औषधे तयार करताना हा भेद पाहावाच लागतो.

उपयोग : त्याच खड्यांपासून क्रीम ऑफ टार्टर मिळते. ते सोड्याबरोबर ओले झाले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि नाताळचा केक फुगतो. चर्चमधली पितळी भांडी चिंचेने उजळतात, कारण आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते. म्हणूनच चिंचेचे सार बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये. धातू अन्नात उतरतो. मातीचे भांडे किंवा काचेची बरणी उत्तम.

श्रमाचे मोल : 2006 च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या आदिवासींना चिंचेसारखे गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिला. केंद्र सरकारने त्यासाठी हमीभावही ठरवले; 2020 मध्ये चिंचोक्यासह चिंचेला किलोमागे 36 रुपये. पण घरात मीठ-तेल संपले की माणूस हमीभावाची वाट पाहत बसू शकत नाही. बाजारच्या दिवशी मिळेल त्या भावाने चिंच द्यावी लागते. तीच चिंच टरफले, शिरा व चिंचोके काढून विकली तर दोन पैसे जास्त मिळतात. चिंचोकाही वाया जात नाही. त्याच्या पिठाची खळ कापडाला लागते.

करून पाहा : चमचाभर चिंचेच्या कोळात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फेस का आला, हे संडे स्कूलच्या मुलांना विचारा.

प्रार्थना : देवाने रानात ठेवलेल्या या फळासाठी उपकार माना. झाडावर चढणारे हात सुरक्षित राहावेत आणि त्यांच्या श्रमाला खरे माप व योग्य दाम मिळावे, म्हणून विनंती करा. आणि पुढच्या वेळी आठवडे बाजारात आदिवासी बहिणीकडून चिंच घेताना घासाघीस करू नका.