बैठकीच्या ध्वनियोजनेची उमेदवारी

दहावीचा निकाल हाती पडल्यावर ज्या घरातील मुलगा शास्त्रशाखेचा अर्ज बाजूस सारून एखाद्या साउंडवाल्याच्या टेम्पोत बसण्याची भाषा करू लागतो, त्या घरात माजणारे काहूर अगदीच अनाठायी असते असे मी म्हणणार नाही; कारण मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंती आणि त्यांच्यापुढे बेभान नाचणारा जमाव यांवरून पालकांच्या मनात या व्यवसायाची जी प्रतिमा उमटलेली असते, तिला प्रत्यक्षाचा भरभक्कम आधार आहे. तथापि याच व्यवसायाची एक दुसरी, पुष्कळ शांत आणि माझ्या मते पुष्कळ अवघड अशी शाखा नाशिकसारख्या नगरात रुजण्याजोगी आहे. ती म्हणजे शंभर-दोनशे श्रोत्यांच्या मैफलीसाठी, दोन माणसांना उचलता येईल एवढ्या सरंजामात, तासा-दीड तासात उभी राहणारी ध्वनियोजना.

या शाखेला लागणारी स्थळे येथे आहेत. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे औरंगाबादकर सभागृह, कुसुमाग्रज स्मारकातील विशाखा सभागृह, पाडवा पहाटेला रसिकांनी फुलणारा पिंपळपार, गोदाघाटावरील देवमामलेदार पटांगण, आणि अलीकडे गंगापूर रस्त्याच्या बाजूस उघडलेली, सायंकाळी गिटारवादकास बसविणारी उपाहारगृहे यांपैकी कोणत्याही दोन जागांचा ध्वनिधर्म सारखा नाही. ध्वनियोजनेची गरज जुन्या गायकांना मात्र नव्हती. पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापून उत्तरायुष्य रामनामाच्या प्रसारात घालविणारे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली निवर्तले. त्यांच्या पिढीचा कंठ यंत्राच्या साह्यावाचून सभा भरून टाकण्यासाठीच कमावलेला असे. त्याच सुमारास मुंबईत नानिक मोटवाने हे ‘शिकागो रेडिओ’ या नावाने राष्ट्रसभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवू लागले होते आणि पुढे १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात त्यांना अटकही झाली. त्या मोटवाने घराण्याचा कारखाना नाशिकरोडला आहे, आणि तो विजेची मापनयंत्रे बनविण्यासाठी ख्यात आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगत असेल. वास्तविक या व्यवसायात शिरणाऱ्या उमेदवाराने स्वतःच्या पैशाने घ्यावयाची पहिली वस्तू मल्टिमीटर हे विजेचे मापनयंत्र हीच होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गायक, तबला, संवादिनी आणि तानपुरा एवढ्या बैठकीला बारा इंची, अंगचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर स्टँडवर, एक लहान मिक्सर, चार-पाच माइक आणि कलावंतांसाठी एखादा मॉनिटर एवढे पुरते. सामग्री इतकी थोडी असल्यामुळेच ती कोठे ठेवावी हा प्रश्न निर्णायक ठरतो. स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, आणि त्याचा वरचा भोंगा बसलेल्यांच्या डोक्यांवरून जाईल इतक्या उंचीवर हवा; तो मागे राहिला की त्याचाच आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा त्याच्यातून बाहेर पडतो आणि ज्याला बोलभाषेत माइकने शिट्टी मारणे म्हणतात तो प्रसंग ओढवतो. गायनाचे बहुतेक माइक समोरचे अधिक ऐकतात आणि पाठीमागचे फारच थोडे; म्हणून मॉनिटर माइकच्या पाठीशी ठेवण्याची रीत पडली आहे. शिट्टी ऐकू येताच बटणांकडे धावणारे हात मी अनेक कार्यक्रमांत पाहिले आहेत. वस्तुतः त्या वेळी स्पीकर दोन हात पुढे सरकविला असता तर पुढचा सारा खटाटोप टळला असता. गायक व माइक यांमधील अंतर निम्मे केले की माइकपाशी पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, आणि त्यासाठी एक पैही खर्चावी लागत नाही. उलट उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी हाती असलेली मोकळीक तीन डेसिबलने घटते. तेव्हा निवेदकाचा माइक गाण्याच्या वेळी बंद ठेवणे हे शिष्टाचाराचे नव्हे, भौतिकशास्त्राचे कलम आहे.

मोकळ्या पटांगणात अंतर दुप्पट झाले की आवाज तितकाच, म्हणजे सहा डेसिबलने, उतरतो. म्हणून मागच्या रांगेसाठी पुढच्या रांगेचे कान किटविण्यापेक्षा मध्यावर एक जास्तीचा लहान स्पीकर लावून, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरून, त्याला योग्य तेवढा विलंब द्यावा. भिंतींनी बंदिस्त अशा सभागृहात मात्र अडचण विरुद्ध स्वरूपाची असते: तेथे आवाज उरतोच, आणि त्या उरलेल्या आवाजात गाण्याचे शब्द व तानांचे स्वर परस्परांत मिसळून जातात. अशा ठिकाणी जाणता मनुष्य आवाज वाढविण्याऐवजी खर्जाचा भाग कमी करतो व स्पीकरची तोंडे भिंतीकडून श्रोत्यांकडे वळवितो. हे सारे श्रोते येण्यापूर्वी, रिकाम्या खोलीत फिरून, कानाने ठरवावयाचे असते. आणि श्रोते आल्यावर त्यांची शरीरे ध्वनी शोषून घेतात म्हणून पुन्हा एकदा.

कायद्याची बाजूही उमेदवाराला मुखोद्गत हवी. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवाना लागतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहाखेरीज त्याला मनाई आहे. निवासी विभागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचे १०० मीटर राज्य सरकारला शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. पहाटेच्या खुल्या मैफलीचा बेत आखणाऱ्या हौशी मंडळांना हे सहा वाजेपर्यंतच्या मनाईचे कलम समजावून सांगण्याची जबाबदारी बहुधा साउंडवाल्यावरच येऊन पडते, आणि ती पार पाडताना बिदागी जाण्याचा धोकाही त्यालाच पत्करावा लागतो.

शिक्षणाविषयी माझा सल्ला पालकांना कदाचित जुन्या वळणाचा वाटेल. दहावीनंतर सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री अभ्यासक्रम, अथवा शासकीय तंत्रनिकेतनातील पदविका, हा पाया आधी घालावा, आणि त्याच काळात शनिवार-रविवारी एखाद्या चोख कामाच्या साउंडवाल्याकडे उमेदवारी करावी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ध्वनिमुद्रणाचा मार्ग पदवीनंतरचा आहे आणि तो चित्रपटाकडे जातो. तो उत्तम आहे, परंतु बैठकीच्या कामासाठी अपरिहार्य नाही. विजेचे शिक्षण मी आधी सांगतो याचे कारण उघड आहे: मंडपातील अर्थिंग तुटलेले असताना वीज उतरू शकणारा माइक हा गायकाच्या ओठांशी असतो. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरला पोहोचताच वीज तोडणारे संरक्षक उपकरण जोडल्यावाचून जो गुरू काम सुरू करतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नये. संगीताची एखादी प्रारंभिक परीक्षा दिलेली असल्यास लाभच. निदान षड्ज कोणता व डग्ग्याचा घुमारा कोठे संपतो हे कळले पाहिजे.

मिळकतीविषयी खोटी आशा दाखविणार नाही. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराई यांत काम दाटीने येते, लग्नाचे मुहूर्त थांबले की हात रिकामे होतात, आणि मोबदल्याचा हिशेब पुष्कळदा महिनाभर लांबतो. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यातील मोठमोठे मक्ते पाहून कर्ज काढण्याचा मोह अनेकांना होईल. ते काम सूचना दूरवर पोहोचविण्याचे आहे, त्याची कसोटी निराळी आहे, आणि मेळा उलगडल्यावर हप्ते मात्र राहतात. मुद्रा योजनेतील शिशु गटाचे ५० हजारांपर्यंतचे कर्ज आरंभास पुरेसे होय: त्यातून दोन चांगले माइक, स्टँड, मिक्सर आणि स्वतः डाग देऊन तपासलेल्या केबली घ्याव्यात, आणि स्पीकर पहिली दोन वर्षे भाड्यानेच आणावेत. कानांचीही निगा याच खर्चात धरावी. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची सीमा मानली जाते आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला तो अवधी निम्मा होतो, म्हणून कानात घालावयाचे बोळे सरंजामाच्या यादीत मल्टिमीटरच्या लगोलग लिहावेत.

मुलाचा कल ओळखण्यासाठी पालकांनी त्याला यंत्रांची नावे विचारू नयेत. ती सर्वच मुलांना पाठ असतात. एखाद्या मैफलीला त्याला सोबत न्यावे, आणि परतताना संवादिनी गायकावर कुरघोडी करीत होती काय, मागच्या रांगेत शब्द कळत होते काय, एवढेच विचारावे. उत्तरादाखल त्याने स्पीकरची छापील शक्ती सांगितली तर वर्षभर थांबावे. आणि तो मध्यंतरात उठून मागच्या रांगेत जाऊन बसला होता असे निघाले, तर सातपूरच्या प्रवेश अर्जाची मुदत कोणत्या तारखेला संपते याची चौकशी दुसऱ्याच दिवशी करावी.