खेळाडूचा पाहुणचार आणि त्याचा हिशेब

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा प्रश्न टाकला : एखाद्या गोष्टीची किंमत देण्यासच बंदी घातली, तर ती हवी असलेले लोक काय करतील? कोणी ‘काळाबाजार’ म्हणाले, कोणी ‘वशिला’. माझ्या डोळ्यांसमोर मात्र नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलातली मटणाची थाळी उभी राहिली. त्याचे कारण पुढे येईलच. त्या प्रश्नाच्या निमित्ताने मी जे वाचले, ते आधी वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लंबगोल, आणि तो पायापेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो. शनिवारच्या सामन्याला काही विद्यापीठांच्या मैदानांवर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात; दूरचित्रवाणीचे उत्पन्न निराळेच. एवढा पैसा ज्यांच्या जिवावर मिळतो त्या खेळाडूंना मात्र कित्येक दशके शिक्षण, निवास आणि भोजन यांपलीकडे फारसे काही देता येत नसे. ‘एनसीएए’ या नियामक संस्थेचा तसा दंडकच होता. विद्यार्थी म्हणजे हौशी खेळाडू. त्याला पगार कसला?

आता सरांचा प्रश्न आठवा. उत्तम खेळाडू सर्वांनाच हवा, पण त्याची किंमत लावायची सोय नाही. मग चढाओढ दुसऱ्या वाटांनी होते : प्रशिक्षकाचा पगार, चकाचक व्यायामशाळा आणि खेळाडूचा पाहुणचार. २०२२ च्या नियमानुसार शालेय शिक्षण संपवत आलेल्या मुलाला विद्यापीठ स्वतःच्या खर्चाने ४८ तासांसाठी बोलावू शकत असे. जून २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथे एकाच आठवडाअखेरीस नऊ खेळाडूंना बोलावले. खर्च आला जवळजवळ २,८०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दोन कोटी रुपयांहून अधिक. विद्यापीठ सरकारी, त्यामुळे कागदपत्रे मागता आली आणि आकडा बाहेर पडला. यातला एकही डॉलर मुलाच्या हातात रोख पडला असता, तर तो नियमभंग ठरला असता!

हा रोग नवा नाही. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ सालीच एक मोठा अहवाल काढून खेळाडू ओढून आणण्याच्या प्रकारांवर कोरडे ओढले होते. १९८७ साली डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा संपूर्ण हंगाम रद्द झाला, कारण तेथील धनिक हितचिंतक खेळाडूंना गुपचूप पैसे देत असल्याचे उघड झाले. २००४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील आरोपांनंतर पाहुण्या खेळाडूंसाठी खासगी विमान वापरण्यास बंदी आली. विमान गेले, पंचतारांकित खोली राहिली. पुढे २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली.

आपल्याकडे काय? शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. पण तो दरबारी आश्रय होता. खर्च करणारा कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असे. महाविद्यालयाशी नाते असलेले उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. गोळेश्वरचा हा मल्ल राजाराम महाविद्यालयात शिकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि परतल्यावर कुस्त्या लढवून ते कर्ज फेडायला हातभार लावला. त्या ७,००० रुपयांनी कोणाला आपल्याकडे ओढून आणायचे नव्हते. म्हणूनच कदाचित ते परत करावेसे वाटले.

आता ती थाळी. माझा चुलतभाऊ कबड्डीत उत्तम चढाई करतो. वाघोली तेव्हा नुकतीच महापालिकेत गेली होती आणि आमच्याकडे मैदान म्हणजे खाणीजवळची मोकळी जागा. बारावीनंतर एका महाविद्यालयाची गाडी घरी आली. मीही बरोबर गेलो. वसतिगृह दाखवले, दोन ट्रॅकसूट दिले, मग ती थाळी. मी दोनदा रस्सा मागून घेतला, हे कबूल करतो. ‘फीची काळजी करू नका, आम्ही बघू,’ असे आम्हांला तीन वेळा सांगण्यात आले. घरी आल्यावर काकूंनी एवढेच विचारले, ‘लिहून दिलंय का रे काही?’ आम्ही दोघे हसलो.

दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला. संघातून नाव गेले आणि पंधरा दिवसांत वसतिगृहाच्या भाड्याची व थकलेल्या फीची चिठ्ठी आली. बोलणारे गृहस्थ तेथे राहिले नव्हते. काकांनी सोसायटीतून कर्ज काढले. गुडघ्याचा खर्च वेगळा.

मी हिशेब मांडून पाहिला. गाडी, थाळ्या, ट्रॅकसूट सारे धरून त्या दिवशी पाच-सहा हजार रुपये खर्च झाले असतील. मागितलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट होती. टेक्सासच्या मुलाला निदान शिष्यवृत्तीचा करार कागदावर मिळतो. आमच्याकडे पाहुणचार हाच करार समजला गेला. आणि तो समजण्यात आमचीही चूक होतीच. मटण खाताना कलम कोण विचारतो?

यंदा त्याला दुसरीकडून निरोप आला आहे. गुडघा आता बरा आहे. त्याने फोनवर त्यांना सांगितले की गाडी पाठवू नका, मी बसने येतो, फक्त पत्र टपालाने आधी पाठवा. हा लेख छपाईला देईपर्यंत पत्र आलेले नाही.