सान हुआनची तटबंदी आणि आमच्या घराचा लोणा

मागच्या डिसेंबरात पोर्तो रिकोला गेले होते. जुनं सान हुआन म्हणजे तटबंदीतलं शहर. एल मोरो किल्ल्याचं काम १५३९ मध्ये सुरू झालं, १५९५ मध्ये ड्रेकचा हल्ला इथून परतवला गेला, १६२५ मध्ये डचांनी शहर जाळलं, आणि मग स्पॅनिशांनी शहराभोवती तट उभारला. इतिहास कोणत्याही गाइडबुकात मिळेल. मी मटेरियल सायन्सवाली, त्यामुळे माझं लक्ष तोफांपेक्षा दगडांच्या सांध्यांकडे जास्त. नवरा पुढे निघून गेला, मी तटाखालच्या पायवाटेवर मांजरांच्या सोबतीनं भिंत न्याहाळत राहिले.

दगड मऊसर वाळूचा. हे शहर ज्या बेटावर आहे ते मुळात वाऱ्यानं जमवलेल्या वाळूच्या टेकड्यांचं. त्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा भरपूर, पावसानं त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट थोडं विरघळलं, पुन्हा कणांच्या मध्ये बसलं आणि वाळूचा दगड झाला. म्हणजे निसर्गाचाच चुना! भिंतीची रचनाही साधी: बाहेर-आत दगडी कवच, मध्ये माती-खडीची भर, आणि सगळ्याला बांधणारा चुना.

चुन्याचं रसायन शाळेत शिकलेलंच आहे. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून विरतो. भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. हळूहळू म्हणजे खरंच हळू; जाड भिंतीच्या पोटात याला कित्येक वर्षं लागतात.

आता खरा शत्रू, म्हणजे मीठ. समुद्राचे तुषार भिंतीत मुरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. समुद्रकाठी हा उंबरठा रात्रंदिवस ओलांडला जातो. प्रत्येक वेळी दगडाच्या बारीक छिद्रात स्फटिक वाढतो आणि भिंतीला आतून ढकलतो.

मग कोण झिजणार? जिथून पाणी उडून जातं, तो भाग. सांधा चुन्याचा असेल तर तो दगडापेक्षा जास्त सच्छिद्र, पाणी तिथून उडतं, मीठ तिथे साचतं आणि चुना भुगा होऊन पडतो. पडू दे! दरजा पुन्हा भरता येतात, दगड पुन्हा आणता येत नाही. विसाव्या शतकात इथे काही दुरुस्त्या सिमेंटनं झाल्या. सिमेंट घट्ट, त्यातून ओल नीट बाहेर पडत नाही. मग पाणी दगडातून वाट काढतं आणि दगडच खातं. सिमेंटचा सांधा फण्यासारखा पुढे आलेला आणि शेजारचा दगड आत गेलेला, असं दिसलं की समजायचं. म्हणून आता तिथे दुरुस्तीला पुन्हा चुनाच वापरतात.

हे बघताना मला घाम फुटला. रत्नागिरीजवळचं आमचं घर जांभ्या चिऱ्यांचं आहे, चुन्यात बांधलेलं. सहा वर्षांपूर्वी भिंतीला लोणा धरला, बाबांचा फोन आला, आणि मी डॉक्टरेटच्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, सिमेंटचा गिलावा करून टाका, विषय संपेल." दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला, पापुद्रे सुटले, सोबत चिऱ्याची लाल भुकटी आली. आम्ही सगळ्यांनी गवंड्याला नावं ठेवली. त्यानं मात्र आधीच "ताई, ही भिंत श्वास घेते" असं म्हटलं होतं, आणि मी ते अडाणीपण समजून हसले होते.

तटावरूनच बाबांना फोन केला. भारतात रात्र झाली होती. "झोपलेलो नाही, बोल," म्हणाले. मी सगळं सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे आता काढायचं?" काढायचं, पण घणानं नाही, बारीक छिन्नीनं, पोकळ वाजेल तिथून सुरुवात करून. आधी पन्हाळी नीट करायची, कारण पाणी येतच राहिलं तर चुनाही टिकणार नाही. आणि त्याच गवंड्याला विचारायचं. विचारताना माझ्या वतीनं माफीही मागायची, हे मी बाबांवर सोपवलं नाही. त्याचा नंबर मागून घेतला.