खांद्यांवरचा भार

सतरंजीवर पाय लांब करून बसा. दोन्ही तळहात मांड्यांलगत टेका आणि नुसत्या हातांच्या जोरावर शरीर किंचित उचलून पाहा. आता तळहात बाजूला वीतभर दूर ठेवून हळूच तसेच करा. वजन तेच, हातही तेच. मग या वेळी खांद्यांवर एवढा ताण का येतो?

पाठीच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली, तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात, हात मात्र शाबूत राहतात. यास अधरांगघात म्हणतात. अशा माणसाला अंथरुणात वारंवार जागा बदलावी लागते. नाहीतर दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा अडून तेथे शय्याव्रण होतात. हे सारे काम खांद्यांवर पडते.

समजा, प्रत्येक हातावर २०० न्यूटन भार आहे आणि तळहात खांद्याच्या सरळ खाली नसून ३० सेंटीमीटर बाजूला आहे. बल आणि लंब अंतर यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात. येथे ते २०० × ०.३ = ६० न्यूटन-मीटर होईल. खांद्याचा स्नायू सांध्याच्या मध्यापासून जेमतेम ३ सेंटीमीटरवरून ओढतो असे धरले, तर तोल साधण्यास त्याला ६० ÷ ०.०३ = २,००० न्यूटन बल लावावे लागेल! तळहात १० सेंटीमीटरवर आणला की हेच बल सुमारे ६६७ न्यूटन होते. आकडे ढोबळ आहेत. पण नियम पक्का आहे.

त्यातून खांद्याची खोबण उथळ. हात चहूकडे फिरावा अशी तिची रचना. खुब्याच्या खोल खोबणीसारखी ती भार पेलण्यासाठी नाही.

मग उपाय? तळहात शरीराजवळ ठेवावेत. उशाकडे सरकताना पलंग आधी सपाट करावा, म्हणजे चढावर ओढावे लागत नाही. अंगाखाली गुळगुळीत कापड घातले की घर्षण घटते आणि त्वचाही खरचटत नाही. मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीला विचारूनच हात लावावा. दंड धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये.

तुमचा खांदा दुखला, तर तुम्ही चालत शाळेत जाल. पण ज्याची चाकांची खुर्ची हातांनीच चालते, त्याचे खांदे हेच पाय होत. ते जपायला तुमच्या पुस्तकातला तरफेचा धडा उपयोगी पडतो.

आता सांगा : पलंगाचा उतार ३० अंश आणि धडाचे वजन ३०० न्यूटन असेल, तर घर्षण सोडून धड वर सरकवण्यास निदान किती बल लागेल?