कोणाला दाखवायचं ते आधी ठरव

अगं, त्या स्पर्धेच्या परीक्षकांनी तुझ्या चित्रकथेवर ‘नावीन्य कमी’ असा शेरा मारला, म्हणून तू रंगांचा डबा माळ्यावर टाकलास, हे काकूकडून कळलं. वर काकूच म्हणाली, ‘बरं झालं, हौस तरी फिटली.’ मला दोघांचाही राग आला, काकूचा जरा जास्तच.

आता आपल्या नाशिकचंच घे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा सिनेमा काढायला निघालेल्या या माणसाला लोकांनी वेड्यातच काढलं असणार. पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर पाहावं तर बी रुजतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय, सगळं डोळ्यांदेखत! ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटीशी फिल्म. गावभर दवंडी न पिटता ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्यातूनच भांडवलाची वाट निघाली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? दागिने त्यांचे गहाण पडले. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. गंगापूर रोडवर उभी राहून दहा जणांना फाळक्यांच्या बायकोचं नाव विचारून बघ. बाईच्या हातचं काम म्हणजे मदत नाहीतर हौस, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की काकूला आपण काही वावगं बोललो असं वाटलंसुद्धा नसेल.

फाळक्यांचंही पुढे काय झालं? बोलपट आले, ‘गंगावतरण’ १९३७ साली आला, तो शेवटचाच. १९४४ मध्ये ते इथे नाशिकलाच गेले, जवळजवळ विस्मरणात. सरकारच्या चित्रपट पुरस्काराला त्यांचं नाव मिळालं ते १९६९ साली. मधल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या चित्रपटांतली एक चौकटही बदलली नव्हती गं, बदलले ते बघणारे. कथाकार बाबुराव बागुलांचंही तसंच. १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे त्यांचं पुस्तक आलं, तेव्हा पांढरपेशा कथेच्या चौकटीत ते मावण्यासारखं नव्हतंच. आज दलित कथेविषयी बोलताना त्याला वळसा घालून जाता येत नाही.

म्हणून काय सगळे परीक्षक मूर्ख आणि तू तेवढी थोर? तसंही नाही हं! कुसुमाग्रजांच्या कवितांवर वि. स. खांडेकरांची नजर पडली आणि त्यांनी १९४२ साली ‘विशाखा’ छापून आणला. जाणकार डोळा असा एक मिळाला तरी पुरतो, पण तो शोधावा लागतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो सापडत नाही. तिथे अंगठे मिळतात, फार तर काकूचे जोडलेले हात.

तर असं कर. चित्रकथा दोघांनाच दे. एक चित्रातलं कळणारी, आणि दुसरं कोणी गोदाघाटावर रोज वावरणारं, कारण तुझी गोष्ट तिथली आहे. ‘कसं झालंय?’ असं विचारू नकोस, माणसं भिडेखातर ‘छान’ म्हणून मोकळी होतात. ‘कुठे कंटाळलात?’ हे विचार. घाटावरचा माणूस म्हणाला की ‘पुराचं पाणी असं चढत नाही’, तर ते पान मुकाट्याने पुन्हा काढ. परीक्षकांचा शेरा मात्र त्या दोघांना आधी सांगू नकोस, नाहीतर तेही नावीन्यच शोधत बसतील. मला विचारलंस तर तुझी मधली चार पानं खरंच ओळखीची वाटतात, कुठेतरी पाहिल्यासारखी. पुराची पानं मात्र तुझीच आहेत. तिथूनच गोष्ट सुरू का करत नाहीस?

आणि डबा खाली काढ आधी, माळ्यावरच्या उकाड्यात रंग वाळतात.