हिरड्यांची झीज व हिरडीचे कलम : एक ओळख

“दात लांब झाले आहेत आणि गार पाणी लागताच कळ येते,” अशी तक्रार घेऊन दंतविभागात अनेक रुग्ण येतात. वस्तुतः दात वाढलेले नसतात. हिरडी मुळाकडे सरकलेली असते. या विकाराच्या उपचाराविषयी देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारणा करतात, म्हणून ही माहिती येथे थोडक्यात देत आहोत.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कठीण कवच असते. मुळाला ते नसते. त्याचे रक्षण हिरडी व हाड करतात. मूळ उघडे पडले की गार, गोड वा आंबट पदार्थांनी सणक येते आणि मुळाला कीड लागण्याचा संभव वाढतो. एकदा सरकलेली हिरडी आपोआप पूर्ववत होत नाही.

साचलेल्या कीटणामुळे हिरड्यांना येणारी सूज, कडक ब्रशने जोर लावून आडवे घासणे, वेडेवाकडे दात आणि मुळातच पातळ हिरडी ही याची प्रमुख कारणे होत. आपल्याकडे त्यांत मिश्री व तंबाखूची भर पडते. मिश्रीने दात घट्ट राहतात, ही घरोघरची समजूत चुकीची आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दवाखान्यात दात साफ केल्याने ते हलू लागतात, हाही गैरसमज आहे. कीटणाखाली दडलेली झीज साफसफाईनंतर नजरेस येते, इतकेच.

प्रत्येकाला शस्त्रक्रियेची गरज नसते. कळ सौम्य असल्यास विशिष्ट टूथपेस्ट वा फ्लोराइडचा लेप पुरतो. मूळ अधिक उघडे पडत असल्यास कलमाचा विचार होतो. जागा बधिर करून टाळूच्या आतल्या थरातून सुमारे १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतात, तो उघड्या मुळावर बसवतात आणि शेजारची हिरडी त्यावर ओढून टाके घालतात. लँगर व लँगर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही जगभर प्रचलित आहे. टाके साधारणतः दोन आठवड्यांत काढतात. तोवर त्या जागी ब्रश न लावता औषधी गुळण्या करावयाच्या असतात. टाळूची जखम काही आठवड्यांत भरून येते.

दोन दातांमधील हाड शाबूत असल्यास मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा असते. हाड झिजले असल्यास यश अंशतःच मिळते. हलणारा दात मात्र कलमाने घट्ट होत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर कलम ही नवी ठेव नव्हे. टाळूच्या खात्यातील रक्कम हिरडीच्या खात्यात वर्ग केलेली असते. मूळ गळती चालूच राहिली तर तीही संपते. म्हणूनच आधी दातांची सफाई, घासण्याच्या पद्धतीत सुधारणा व तंबाखूचा त्याग, आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, असा क्रम पाळावा लागतो. गरजू रुग्णास ताटकळत ठेवले, असे नातेवाइकांना कधी वाटते. परंतु हा काळ उपचाराचाच भाग आहे, आणि देणगीदारांच्या पैशाचा विनियोग सार्थकी लागावा यासाठीही तो आवश्यक आहे.

सर्व कुटुंबीयांना नम्र विनंती, की मऊ ब्रश वापरावा, मिश्री घरातून हद्दपार करावी आणि घासताना हिरडीतून रक्त येऊ लागताच दंतवैद्यांना दाखवावे. त्या अवस्थेत बहुधा शस्त्रक्रियेवाचून भागते.