भात, तांदूळ आणि शेजाऱ्यांशी तुलना

‘चीनमध्ये हेक्टरी सात टन आणि भारतात अवघे पावणेतीन टन’ असे विधान भातशेतीविषयी अनेकदा केले जाते. यातील दोन्ही आकडे बहुतांशी बरोबर आहेत. फसते ती तुलना. जागतिक अन्न व कृषी संघटना तुसासकट भाताचे वजन देते, तर भारत सरकारचा 2022-23 चा सुमारे 2.8 टनांचा आकडा तांदळाचा आहे. भाताच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग तांदूळ म्हणून धरण्यात येतो. एकाच मापाने मोजल्यास भारताचे उत्पादन हेक्टरी 4.2 टनांच्या आसपास येते, बांगलादेशाचे पाच टनांच्या घरात, तर चीनचे सात टन. अंतर उरतेच; परंतु ते अडीच पटींचे राहत नाही. मराठीत भात व तांदूळ असे दोन स्वतंत्र शब्द असतानाही हा घोटाळा व्हावा, हे नवलच!

उरलेले अंतर तरी कशामुळे? बांगलादेशातील निम्म्याहून अधिक तांदूळ ‘बोरो’ या हिवाळी, ओलिताच्या हंगामात पिकतो. भारताच्या सरासरीत मात्र पंजाबचे बारमाही ओलीत आणि झारखंडचे पावसावर विसंबलेले शेत एकत्र मिसळलेले असते. उत्पादकता आणि कार्यक्षमता यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. हेक्टरी किती पिकले हे उत्पादकता सांगते; हाती असलेल्या जमीन, पाणी, खत व श्रम यांतून जेवढे पिकू शकले असते त्याच्या किती जवळ शेतकरी पोहोचला, हे कार्यक्षमता सांगते. फॅरेल या अर्थशास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलेली ही कसोटी आजही वापरात आहे. पंजाबचा भात पहिल्या मापाने उजवा ठरतो. भूजलाचा उपसा हिशेबात धरला की चित्र बदलते.

बेंगळुरूभोवतीच्या कोरडवाहू पट्ट्यातील नाचणी हे याचे दुसरे टोक. हेक्टरी उत्पादनात ती भातापुढे टिकत नाही. पण ज्या पावसावर ती उभी राहते त्यावर भाताचे पीक घेणे अवघडच. कर्नाटकात डॉ. लक्ष्मणय्या यांनी भारतीय व आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ जाती निर्माण केल्या. नावातच दोन्ही भूमी आहेत. शेजारच्या नेपाळशी तुलना करताना मात्र सावध राहावे लागते. तेथे नाचणीला ‘कोदो’ म्हणतात आणि आपल्याकडील कोद्रा हे निराळेच धान्य आहे. शिवाय नेपाळच्या डोंगराळ भागात उभ्या मक्यातच नाचणीची रोपे लावली जातात. तेव्हा केवळ नाचणीचे वजन पाहणाऱ्याच्या हिशेबातून त्याच शेतातला मका सुटतो.

पीककर्जाचे हेक्टरी प्रमाण ठरविताना जिल्हा पातळीवरही हाच प्रश्न उभा राहतो. ओलिताच्या व कोरडवाहू शेतीला एकच प्रमाण लावले, तर एकाला कर्ज अपुरे पडते आणि दुसऱ्याला ते फेडणे जड जाते.